पाव्हेल वेइवानोव्स्की : तुतारीवादक, रचनाकार आणि लेखनिक

१. प्रास्ताविक

जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करणारास लेखनिक हा नित्याचा सोबती असतो. परंतु त्याच्याविषयीं आपणांस सामान्यतः फार थोडें ठाऊक असतें. पोथीच्या अखेरीस त्याचें नांव, गांव व शक आढळल्यास आपण ते टिपून घेतों आणि ग्रंथकर्त्याकडे वळतों. लेखनिक हा केवळ वाहक, ग्रंथकर्ता हाच खरा धनी, अशी आपली समजूत असते. हे दोघे एकाच देहांत नांदत असले व लेखनिकानें स्वतःचें आणि दुसऱ्याचें एकाच अक्षरांत लिहून एकाच पेटींत ठेवलें असलें, म्हणजे मात्र या समजुतीचा कांहीं उपयोग होत नाहीं.

असें एक उदाहरण मध्य युरोपांतील मोराव्हिया प्रांतांत आहे. तेथील क्रोमेरीझ या नगरांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील संगीताच्या हस्तलिखितांचा एक मोठा संग्रह सुरक्षित राहिला आहे. तो लिहिणारांत, जमविणारांत व वाजविणारांत प्रमुख असलेला पुरुष म्हणजे पाव्हेल योसेफ वेइवानोव्स्की. हा पेशानें तुतारीवादक. युरोपीय संगीताच्या ज्या कालखंडास ‘बरोक’ अशी संज्ञा आहे त्या कालांतील तुतारीवादनाचा इतिहास लिहितांना या संग्रहास वगळून चालत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही या पुरुषाची व त्याच्या कागदांची ओळख करून देऊन, त्यांवरून हस्तलिखितसंशोधनाच्या पद्धतीसंबंधीं जे कांहीं विचार सुचतात ते वाचकांपुढें ठेवणार आहों. विषय परक्या देशाचा असला तरी त्यांतील अडचणी आपल्या संग्राहकांस अगदीं घरच्या वाटतील असा आमचा विश्वास आहे.

२. स्थळ, काळ आणि व्यक्ति

क्रोमेरीझ हें मोराव्हा नदीच्या कांठचें नगर ओलोमोउत्स येथील बिशपांच्या वास्तव्याचें ठिकाण होतें. इ. स. १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धांत १६४३ सालीं स्वीडिश सैन्यानें तें लुटलें व उध्वस्त केलें. १६६४ सालीं कार्ल लिश्टेनश्टाइन-कास्टेलकोर्न हा बिशपपदावर आला आणि त्यानें नगराचा जीर्णोद्धार आरंभिला. लुक्केसे व तेन्काला या इटालियन स्थपतींकडून त्यानें वाडा व पुष्पवाटिका उभारविली. १६७३ सालीं त्यानें कोलोन येथील इम्स्टेनराट बंधूंचा चित्रसंग्रह विकत घेतला. त्यांत तित्सियान या थोर चित्रकाराचें, मार्सियस नांवाच्या वेणुवादकाची त्वचा सोलली जात असल्याचें प्रसिद्ध चित्र होतें, व तें आजही क्रोमेरीझ येथेंच आहे. देवाशीं वादनाची पैज लावणाऱ्या वादकाची ती दशा ज्या वाड्याच्या भिंतीवर टांगलेली होती, त्याच वाड्यांत आमच्या कथानायकानें आयुष्याचीं अखेरचीं वीस वर्षें फुंकवाद्य वाजविलें, हा योगायोग मौजेचा खरा.

या बिशपास संगीताचा नाद विलक्षण होता. पूर्वी तो साल्झबुर्ग येथील मुख्य देवालयाचा अधिकारी असल्यामुळें तेथील व व्हिएन्ना येथील संगीतकारांशीं त्याचा परिचय होता. त्यानें पदरीं एक निवडक वादकमंडळ बाळगलें व नव्या रचना मिळविण्यासाठीं सर्वत्र पत्रें धाडलीं.

वेइवानोव्स्की या बिशपाच्या आधींच, १६६१ सालापासून, क्रोमेरीझ येथें चाकरीस होता. त्याचा जन्म १६३३ किंवा १६३९ च्या सुमाराचा मानतात. जन्मग्रामाविषयीं हुकव्हाल्डी व ह्लुचीन अशीं दोन नांवें पुढें केलीं जातात. ओपावा येथील जेझुइट पाद्यांच्या विद्यालयांत १६५६ पासून १६६० पर्यंत त्याचें शिक्षण झालें. त्या काळच्या जेझुइट शिक्षणांत लॅटिन व धर्मसंगीत या दोहोंस मान असे. म्हणून हा तुतारीवादक अक्षरशत्रु नव्हता, व्युत्पन्न होता, हें ध्यानीं ठेवलें पाहिजे. कागदपत्रांत त्याचा निर्देश ‘रणतुतारीवादक’ अशा अर्थाच्या लॅटिन संज्ञेनें येतो. ही पदवी साधी नव्हे. सम्राट् दुसरा फर्डिनांड यानें १६२३ सालीं तुतारीवादकांच्या संघास विशेषाधिकार दिले होते. रणतुतारीवादक हा सैन्याबरोबर जाणारा, प्रसंगीं शत्रूकडे निरोप नेणारा, प्रतिष्ठित सेवक समजला जाई.

१६६८ च्या सुमारास त्याच दरबारांत हाइन्रिश बीबर हा तरुण व्हायोलिनवादक आला. पुढें जगद्विख्यात झालेल्या या पुरुषास बिशपानें १६७० सालीं आब्साम येथील श्टाइनर नामक प्रसिद्ध कारागिराकडून वाद्यें आणण्यासाठीं धाडलें असतां तो परवानगीवांचून साल्झबुर्गच्या चाकरीस निघून गेला. बिशप रुष्ट झाला, पण त्यानें प्रकरण फार ताणलें नाहीं. रीतसर मुक्तीचें पत्र मात्र १६७६ पर्यंत दिलें नाहीं. बीबर गेल्यावर वादकमंडळाची धुरा वेइवानोव्स्कीकडे आली. १६९३ च्या सप्टेंबर महिन्यांत क्रोमेरीझ येथेंच त्याचा अंत्यविधि झाला. धनी त्याच्यामागें दोन वर्षांनीं, १६९५ सालीं, वारला.

३. वाद्याची मर्यादा

पुढील विवेचन समजण्यासाठीं या वाद्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. येथें ‘तुतारी’ म्हणजे पितळेची, दोनदां दुमडून लांबट केलेली, छिद्रें व कळा नसलेली युरोपीय तुतारी समजावी. षड्ज ज्या स्वरावर मानला त्याप्रमाणें तिच्या उलगडलेल्या नळीची लांबी सुमारें सात ते आठ फूट भरते. आकार निराळा असला तरी ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनें आपली तुतारी, शिंग व कर्णा यांचा आणि तिचा धर्म एकच. नळीची लांबी कायम, छिद्र नाहीं. जो कांहीं स्वरभेद करावयाचा तो ओठांच्या ताणानें व श्वासाच्या जोरानें.

अशा नळींतून वाटेल तो स्वर निघत नाहीं. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकपटीनें चढणारे स्वरच निघतात. खालच्या भागांत ते एकमेकांपासून दूर असतात. तेथें इशारत होते, पण चाल होत नाहीं. रणांगणावर तेवढें पुरे. आठव्या स्वरापासून मात्र ते जवळजवळ येऊं लागतात. आठवा स्वर षड्ज मानल्यास नववा ऋषभ, दहावा शुद्ध गांधार, बारावा पंचम, पंधरावा शुद्ध निषाद व सोळावा तारषड्ज होतो. म्हणजे वरच्या सप्तकांत चाल वाजवितां येते. बरोक काळचें सर्व तुतारीकौशल्य या उंच भागांत आहे. त्या भागाचें वादन करणाऱ्या वादकांस स्वतंत्र नांव व स्वतंत्र मान होता.

यांतही दोन स्वर वांकडे आहेत. अकरावा स्वर षड्जाच्या १.३७५ पट येतो. शुद्ध मध्यम १.३३३ पट हवा व तीव्र मध्यम सुमारें १.४०६ पट. म्हणजे तो ना शुद्ध ना तीव्र. तेरावा १.६२५ पट, तोही कोमल धैवत (१.६) व शुद्ध धैवत (१.६६७) यांच्यामध्यें लोंबकळतो. कुशल वादक ओठांनीं त्यांस इकडे किंवा तिकडे झुकवितो. कोमल गांधार मात्र या मालेंत मुळींच नाहीं. तो नवव्या व दहाव्या स्वरांच्या मधल्या मोकळ्या जागेंत पडतो. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिच्यावरच एक महत्त्वाचा निर्णय अवलंबून आहे.

४. संग्रहाचें स्वरूप

क्रोमेरीझच्या संगीतसंग्रहांत हजाराच्या घरांत कृति आहेत. बिशपाच्या मृत्यूनंतर १६९५ सालीं त्याची याद करण्यांत आली व ती याद उपलब्ध आहे. कोणताही संग्राहक जाणतो कीं, संग्रह हातीं असणें निराळें आणि त्याची समकालीन याद हातीं असणें निराळें. यादीमुळें काय होतें, काय गेलें व काय मागाहून आलें हें ताडतां येतें. पुढें दोन शतकांहून अधिक काळ बाहेरच्या जगास या कागदांची फारशी दाद नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाउल नेटल या विद्वानानें त्यांच्याकडे लक्ष वेधलें आणि १९२८ सालीं ब्राइटेनबाखर यानें सेंट मॉरित्स देवालयाचा संगीतसंग्रह या नांवानें त्याची सूची प्रसिद्ध केली. सेह्नाल व पेश्कोव्हा यांची सविस्तर सूची १९९८ सालीं निघाली.

कागदांची ठेवण आपल्या पोथ्यांहून निराळी आहे. एका कृतीचे सर्व स्वर एका पानावर एकाखालीं एक मांडलेले फारसे आढळत नाहींत. प्रत्येक वादकासाठीं त्याच्यापुरतें स्वतंत्र पान असतें: पहिल्या तुतारीचें एक, दुसरीचें एक, व्हायोलिनांचीं, ट्राँबोनांचीं व ऑर्गनचें निराळीं. हीं सुटीं पानें एका वेष्टनपत्रांत ठेवलेलीं असतात. वेष्टनावर कृतीचें नांव, लागणारीं वाद्यें, क्वचित् कर्त्याचें नांव व साल. एक पान हरवलें तर त्या कृतीचा एक आवाजच मुका होतो. वेष्टन हरवलें तर कर्ता जातो. आपल्याकडील बाडांचीं सुटीं पानें चाळतांना ज्याचा जीव कधीं हळहळला असेल त्यास या व्यवस्थेंतील भय समजावून सांगावयास नको.

या संग्रहाचा फार मोठा भाग वेइवानोव्स्कीच्या हातचा आहे. व्हिएन्ना येथील राजदरबारचा योहान हाइन्रिश श्मेल्त्सर बिशपास पत्रें व रचना पाठवीत असे. तो १६७९ सालीं तेथील प्रमुख संगीताधिकारी झाला व दुसऱ्याच वर्षीं प्राग येथें प्लेगास बळी पडला. पळून गेलेला बीबरही साल्झबुर्गहून आपल्या कृति धाडीत राहिला, आणि त्यांपैकीं कित्येक त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत येथें आहेत. बाहेरून आलेलें संगीत उतरून घ्यावें, वादकांसाठीं पानें पाडावीं, तालीम घ्यावी व प्रसंगीं स्वतः तुतारी हातीं धरून आघाडीस उभें राहावें, असा या पुरुषाचा दिनक्रम असला पाहिजे. यांतच त्यानें स्वतःच्याही रचना केल्या. त्यांत सेंट मॉरित्स या संताच्या नांवची सोनाटा आहे, टपालाच्या शिंगाचा भास करणारी आहे, शिकारीची आहे, आणि १६७४ साल घातलेली नाताळाची आहे. ज्या सालीं रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तेंच हें साल. काळाची कल्पना यावी म्हणून उल्लेख केला.

५. अक्षर आणि कर्तृत्व

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. वेइवानोव्स्कीच्या अक्षरांतील अनेक प्रतींवर कर्त्याचें नांवच नाहीं. कांहींवर त्याचें पूर्ण नांव निरनिराळ्या वर्णरचनेनें येतें, कांहींवर केवळ आद्याक्षरें. मग निनांवी प्रत कोणाची? १९५८ ते १९६१ या वर्षांत पोहांका यानें वेइवानोव्स्कीच्या वाद्यरचना प्राग येथील प्राचीन संगीताच्या ग्रंथमालेंत छापून काढल्या, आणि त्यामुळें या विस्मृत तुतारीवादकाचें नांव सर्व युरोपांत झालें. हें कार्य मोठें आहे यांत शंका नाहीं. परंतु छापील पानावर एकदां नांव चढलें कीं, वाचक मूळ वेष्टनपत्र पाहावयास जात नाहीं, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

या प्रश्नांत दोन प्रमाणें परस्परांपासून निक्षून वेगळीं ठेवलीं पाहिजेत. अक्षर हें लेखनाचें प्रमाण आहे, कर्तृत्वाचें नाहीं. त्याचप्रमाणें प्रतीवरील साल हें ती प्रत उतरल्याचें साल असूं शकतें. रचना त्याआधीं कित्येक वर्षें झालेली असूं शकते. आपल्याकडे लेखनिक पोथीच्या शेवटीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझ्याकडे नाहीं, अशा अर्थाचा श्लोक घालून मोकळा होतो. त्या श्लोकाला आपण कधीं कधीं हंसतों. पण त्यानें एक गोष्ट स्पष्ट होते कीं लिहिणारा कर्ता नव्हे. वेइवानोव्स्कीस असा श्लोक घालण्याची गरज नव्हती. हे कागद त्याच्याच कपाटांत राहावयाचे व त्याच्याच वादकांपुढें जावयाचे. कोणतें कोणाचें हें त्यास ठाऊक होतें, आणि त्याच्या मंडळींसही ठाऊक होतें. माहिती सर्वांस असते तेव्हां ती कोणी लिहून ठेवीत नाहीं. आणि म्हणूनच तीच सर्वांत आधीं नष्ट होते.

उदाहरणार्थ, ‘सोनाटा युकुंदा’, म्हणजे आनंदी सोनाटा, ही याच संग्रहांतील एक प्रसिद्ध निनांवी कृति. तिच्यांत लोकसंगीताचा ठसा उघड आहे. कोणी ती बीबरची म्हणतात, कोणी श्मेल्त्सरची. दोघांच्याही बाजूनें शैलीचे दाखले देतां येतात. निर्णायक प्रमाण कोणाच्याच हातीं नाहीं. अशा ठिकाणीं ‘निनांवी’ हा शब्द सूचींत तसाच राहूं देणें हीच संशोधकाची सचोटी. आवडत्या पुरुषाच्या पदरांत एखादें रत्न टाकण्याचा मोह आम्हांस समजतो. परंतु त्यानें त्या पुरुषाचा मान वाढत नाहीं, त्याच्या खऱ्या रत्नांवरचा विश्वास मात्र कमी होतो. सेह्नाल यानें या संग्रहाच्या अभ्यासांत आयुष्याचीं अनेक वर्षें घालविलीं व २००८ सालीं वेइवानोव्स्की आणि हा संग्रह यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यक्ति व संग्रह यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हें त्या ग्रंथाच्या नांवावरूनच ध्यानांत येतें.

६. चूक कीं पाठ?

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. वेइवानोव्स्कीची एक चार भागांची सोनाटा अशी आहे कीं तिच्या नांवांतच कोमल स्वराचा निर्देश आहे. तींत तुतारी षड्जाच्या नेहमींच्या ठिकाणचीच आहे, परंतु सभोंवतालचें संगीत कोमल स्वरांच्या मेळांत चालतें; आणि तुतारीच्या पानावर कोमल गांधार लिहिलेला आहे. वर सांगितल्याप्रमाणें हा स्वर त्या नळींत नाहीं!

एखादा सावध संपादक येथें काय करील? लेखनिकाचा प्रमाद समजून तो स्वर बदलून टाकील, किंवा तें पान दुसऱ्या वाद्याचें असावें असा तर्क करील. दोन्ही मार्ग सोपे आहेत. पण लिहिणारा कोण हें विसरतां कामा नये. हा कोणी भाडोत्री कारकून नव्हता. त्या दरबारचा अग्रगण्य तुतारीवादक होता. आपल्या वाद्यांतून काय निघतें व काय निघत नाहीं हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार? जाणत्या माणसानें अवघड पाठ लिहिला असेल तर तो अवघड आहे एवढ्यावरून चूक ठरत नाहीं. महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीमुळें हें तत्त्व आपल्याकडे सुपरिचित आहे: सोप्या पाठावरून अवघड पाठ कोणी बनवीत नाहीं, अवघडावरून सोपा मात्र सहज बनतो.

या ठिकाणीं बाह्य प्रमाणही आहे. जिरोलामो फान्तीनी या इटालियन तुतारीवादकानें १६३८ सालीं छापलेल्या शिक्षणग्रंथांत नैसर्गिक स्वरमालेबाहेरचे स्वर तुतारीसाठीं दिलेले आहेत. म्हणजे वेइवानोव्स्कीच्या पूर्वीं सुमारें तीस वर्षें ही विद्या युरोपांत होती. गांधाराचा स्वर ओठ सैल करून खालीं उतरवितां येतो. मात्र तो डळमळता निघतो व त्यास स्थिर करण्यास असामान्य ताबा लागतो. दुसरा तर्क असा कीं नळी मागेंपुढें सरकविण्याची सोय असलेली तुतारी वापरली असेल. अशीं वाद्यें जर्मन प्रदेशांत होतीं. यांपैकीं कोणता मार्ग त्यानें घेतला याविषयीं मतभेदास जागा आहे. परंतु दोन्ही तर्कांत लिखित पाठ जसाच्या तसा उभा राहतो. बदलावा लागतो तो आपला वाद्याविषयींचा समज.

याच संग्रहांत याहून नाट्यमय दाखला बीबरच्या ‘बात्ताल्या’ या १६७३ सालच्या युद्धवर्णनपर कृतीचा आहे. तिच्या दुसऱ्या भागांत शिपायांची बैठक दाखविली असून आठ निरनिराळ्या चाली निरनिराळ्या मेळांत एकदम सुरू होतात. कानाला सगळा गलबला. पण बीबरनें तेथेंच लॅटिन टीप लिहून ठेवली आहे. तिचा मतितार्थ असा कीं, येथें सर्वत्र बेसूर आहे, कारण हीं माणसें निरनिराळीं गाणीं अशींच ओरडत असतात. ही एक ओळ नसती तर पुढच्या संपादकानें त्या भागाची ‘शुद्धि’ करून त्याचा प्राण घेतला असता. समासांतील एक टीप साऱ्या पानाचें रक्षण करते, याचा इतका बोलका पुरावा क्वचित् सांपडतो. वेइवानोव्स्कीनें आपल्या कोमल गांधाराजवळ अशी टीप ठेवली नाहीं. म्हणून तेथें रक्षणाचें काम आपल्याला करावें लागतें.

७. लोकसंगीताचा प्रश्न

क्रोमेरीझ ज्या सुपीक सखल प्रदेशांत आहे त्यास हाना म्हणतात. तेथील शेतकऱ्यांचें गाणें-नाचणें शेजारच्या मुलखांतही प्रसिद्ध होतें. बिशपाच्या वाड्यांत भोजनप्रसंगीं, स्वागतप्रसंगीं व मेजवान्यांत नृत्यप्रधान संगीत लागे. वेइवानोव्स्कीच्या सेरेनाद व बालेट्टी या वर्गांतील रचनांत हाना प्रांतांतील लोकसंगीताचा संस्कार अभ्यासकांनीं दाखविला आहे. बीबरनें शेतकऱ्यांच्या देवयात्रेवर रचलेली सोनाटाही याच संग्रहांत आहे. तेव्हां ग्रामीण संगीत वाड्याच्या वेशीवर अडलें नाहीं, ज्या वादकांस तें कानांत होतें त्यांच्याबरोबर तें आंत आलें, एवढें निश्चित.

तथापि कोणती चाल ‘लोकांची’ व कोणती ‘लोकांसारखी’ हें ठरविणें सोपें नाहीं. लोकगीताचा लिखित संग्रह त्या काळीं कोणी करीत नव्हता. एकोणिसाव्या शतकांत उतरून घेतलेल्या चालींशीं सतराव्या शतकांतील कागद जुळला तर तो पुरावा दीडशें-दोनशें वर्षें उलटा चालविल्यासारखा होतो. अशा वेळीं समकालीन किंवा जवळच्या साक्षीदारास मोल असतें. तसा एक साक्षीदार गेऑर्ग फिलिप टेलेमान हा जर्मन संगीतकार आहे. १७०५ च्या सुमारास झोराउ येथील सरदाराच्या चाकरींत असतां त्यानें पोलिश व हाना या दोन्ही प्रकारचें संगीत प्रत्यक्ष ऐकलें, आणि १७४० सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत त्याच्या रानवट सौंदर्याची मनापासून वाखाणणी केली. लक्ष देऊन ऐकणारास तेथें आठ दिवसांत जन्मभर पुरतील इतक्या कल्पना मिळतील, असा त्याचा अभिप्राय आहे. वेइवानोव्स्कीच्या मृत्यूनंतर अवघ्या बारा वर्षांच्या सुमाराची ही साक्ष, आणि तीही तिऱ्हाइताची. तिच्यावरून एखादी विशिष्ट चाल सिद्ध होत नाहीं. परंतु हाना प्रांताचें संगीत व्यावसायिक वादकाचें मन वेधण्याइतकें समर्थ होतें हें सिद्ध होतें.

स्लोव्हाकियांत उह्रोवेत्स येथील म्हणून ओळखला जाणारा १७३० सालचा नृत्यचालींचा हस्तलिखित संग्रह हाही याच जातीचा उपयुक्त पुरावा होय. त्यांत चालीचा केवळ सांगाडा दिलेला असतो. साथ, लय व अलंकार वाजविणारानें घालावयाचे. मिलोश व्हालेंट या स्लोव्हाक व्हायोलिनवादकाच्या मंडळीनें बरोक पद्धतीचीं वाद्यें व लोकवादनाची परंपरा यांचा मेळ घालून अशा चाली वाजविल्या आहेत. कोणी यास संशोधन म्हणणार नाहीं, कोणी केवळ करमणूक म्हणेल. आमच्या मतें हा एक प्रयोग आहे, आणि प्रयोगास प्रमाणांत स्थान आहे. मात्र प्रयोगानें ‘असें शक्य आहे’ एवढेंच सिद्ध होतें, ‘असेंच होतें’ हें नाहीं.

८. कागद आणि श्वास

हेंच तुतारीच्या बाबतींत झालें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगीताची अभिरुचि पालटली आणि उंच तुतारीवादनाची विद्या लयास चालली. १७९५ सालीं योहान अर्न्स्ट आल्टेनबुर्ग यानें तुतारी व नगारा यांवर जो ग्रंथ छापला तो एका मावळत्या विद्येचा ग्रंथ होता. पुढें एकोणिसाव्या शतकांत कळांची तुतारी आली. सर्व स्वर बोटांनीं मिळूं लागल्यावर ओठांची ती कसरत शिकण्याचें कारण उरलें नाहीं. जुने कागद राहिले, परंतु ते वाचणारे ओठ राहिले नाहींत.

१९६० च्या सुमारास श्टाइनकोप्फ व फिंके या जर्मन कारागिरांनीं जुन्या तुतारीच्या धर्तीवर एक वाद्य घडविलें. त्यांत अकराव्या व तेराव्या स्वरांचा वांकडेपणा घालविण्यासाठीं बारीक छिद्रें ठेवलीं होतीं. वाल्टर होली यानें तें वाजवून दाखविलें व बरोक तुतारीचें पुनरुज्जीवन सुरू झालें. एडवर्ड टार (१९३६–२०२०) या अमेरिकेंत जन्मलेल्या वादकानें वादन, ग्रंथलेखन, संपादन व अध्यापन या चारही वाटांनीं हें कार्य पुढें नेलें. जर्मनींतील बाड झेकिंगेन येथील तुतारीसंग्रहालयाचा तो १९८५ पासून २००४ पर्यंत संचालक होता. डॉन स्मिदर्स या दुसऱ्या वादकानें १९७३ सालीं १७२१ पूर्वींच्या बरोक तुतारीचा इतिहास लिहिला. हे दोघे प्रथम वादक व मग संशोधक, आणि त्यामुळेंच त्यांस कागदांत अशा गोष्टी दिसल्या ज्या केवळ ग्रंथालयांत बसणारास दिसल्या नसत्या.

छिद्रें ही जुनी वस्तु नव्हे, ती विसाव्या शतकाची सोय आहे. म्हणून पुढें कांहीं वादकांनीं छिद्रांचाही आधार सोडला व निव्वळ ओठांनीं तीच कसरत साधून दाखविली. येथें संशोधनाचें एक वर्तुळ पुरें होतें. कागदानें सांगितलें कीं हा स्वर वाजत असे. पंडितांस तें खरें वाटेना. अखेर वादकाच्या श्वासानें कागदाच्या बाजूनें साक्ष दिली. मराठी संग्राहकांस यांतील मर्म हेंच कीं ज्या पोथीचा विषय एखादी हस्तविद्या आहे, मग ती गायन असो, वैद्यक असो, रंगकाम असो किंवा लोहारकाम असो, तिचा अंतिम भाष्यकार त्या विद्येचा जाणता कारागीर असतो. व्याकरण त्याच्या दारापर्यंत नेऊन सोडतें. आंत तोच नेतो.

९. उपसंहार

एवढ्या विवेचनावरून जीं अनुमानें निघतात तीं थोडक्यांत अशीं. पहिलें, अक्षरावरून लेखनिक ठरवावा, कर्ता नव्हे. आणि सालावरून प्रतीचा काळ ठरवावा, रचनेचा नव्हे. दुसरें, विद्येच्या जाणकारानें लिहिलेला अवघड पाठ, त्या विद्येच्या कसोटीस लावल्यावांचून, प्रमाद म्हणून दुरुस्त करूं नये. तिसरें, मौखिक परंपरेंतील वस्तूचा जुना लिखित पुरावा हाताळतांना साक्षीदाराचा काळ व त्याचा संबंध काटेकोर पाहावा. चौथें, वेष्टन, समासांतील टीप, सुटें पान, यादीचा तुकडा, यांपैकीं कांहींही निरुपयोगी समजून टाकून देऊं नये. पुष्कळदां मुख्य ग्रंथाची किल्ली तेथेंच असते.

शेवटीं या पुरुषाविषयीं दोन शब्द. निनांवी प्रतींचा निवाडा उद्यां त्याच्या विरुद्ध गेला, आणि त्याच्या नांवावरील कांहीं सोनाटा दुसऱ्याच्या ठरल्या, तर त्याची योग्यता कमी होईल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. रचनाकार म्हणून त्याच्या खात्यांतून जें वजा होईल तें लेखनिक म्हणून त्याच्याच खात्यांत जमा होईल. श्मेल्त्सर व बीबर यांच्या ज्या कृति आज केवळ क्रोमेरीझच्या कागदांवरून ज्ञात आहेत, त्यांच्या जतनांत या तुतारीवादकाच्या बोरूचा मोठा वांटा आहे. त्याच्या तुतारीचा आवाज ऐकणारे त्याच्याबरोबरच गेले. बोरूनें लिहिलेलें मात्र राहिलें, आणि त्यावरूनच तो आवाज पुन्हां काढतां येतो. आपल्या देवघरांतील, माळ्यावरील व मठांतील दप्तरांत असे कित्येक निनांवी लेखनिक वाचकाची वाट पाहत असतील. त्यांचीं नांवें न मिळालीं तरी त्यांचें अक्षर ओळखावयास आपण शिकलों, तर त्यांचें ऋण थोडें तरी फिटेल.